ओवाळलेली डिस्क

मी काय काम करत होते हे नीट सांगायला मला आजतागायत जमलेलं नाही. नांदेडच्या आत्याला सांगितलं होतं, कॉम्प्युटर बंद पडू देत नाही. शेजारच्या काकूंना सांगितलं होतं, कॉम्प्युटरमध्ये चोर शिरू देत नाही. काकूंनी मेथी निवडता निवडता जरा विचार केला आणि म्हणाल्या, म्हणजे वॉचमनच की. मी म्हटलं, हाव, तसंच समजा. उगं कुठं डोकं लावत बसता. आमच्या लातुरात पोरगी हुशार असली तर डॉक्टर होते, जरा कमी पडली तर इंजिनिअर, आणि काहीच झालं नाही तर बी.एड. करून मास्तरीण. त्याच्या पलीकडं काही असतं हे सांगायला गेलं की माणसं असं बघतात, जसं काही आपण नापास झाल्याचं झाकून राहिलोय.

आता नापास तर झालेच होते म्हणा. मेडिकलसाठी क्लास लावला, दोन वर्षं डोळे फोडले आणि नंबर लागला नाही. आख्ख्या गल्लीत माझ्या मार्कांची चर्चा झाली. क्लासचं वारं तेव्हा नुकतंच सुटलं होतं. घराघरावर पाट्या चढल्या, खाली मेस आणि वर होस्टेल. जळकोट, भोकर, उमरी, कुठून कुठून पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन स्टँडवर उतरायची आणि खोली मिळते का म्हणून दारोदार विचारत फिरायची. मला ते बघून जुनं आठवायचं. माझ्या लहानपणी याच रस्त्यांवर भूकंपातून आलेली माणसं तशीच खोल्या शोधत फिरली होती. त्यांच्यात आम्ही दोघं होतो, अण्णा आणि मी.

अण्णा, म्हणजे माझे वडील, औसा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर होते. गणपती विसर्जन बघून आम्ही दोघं घरी आलो आणि अंगणातल्या बाजेवरच आडवे झालो. आईला ताप होता, म्हणून ती आत झोपली. मातीच्या धाब्याचं घर. पुढचं मी लिहीत नाही. जे बाहेर होतं ते राहिलं, एवढंच.

घरात आईचा एकच फोटो होता, तो ढिगाऱ्यातच गेला. नंतर नांदेडच्या आत्याकडं तिच्या लग्नाच्या वेळचा एक फोटो निघाला. आत्याच्या मागं, पदर सावरत उभी असलेली आई. आज आमच्याकडं आई आहे ती तेवढीच. तेव्हापासून अण्णांना एक वेडच लागलं. प्रत्येक गोष्टीची एक प्रत बाहेर पाहिजे. माझी मार्कलिस्ट, त्यांचे नेमणुकीचे कागद, आईचा तो फोटो, सगळ्याची दुसरी प्रत आत्याच्या कपाटात. मला समोर बसवून सांगायचे, "एक घरात, एक दुसऱ्या गावाला. घर पडलं तरी गाव राहतं, माय." अण्णा मला मायच म्हणतात. लातुरात बदली घेऊन त्यांनी प्लॉट घेतला तो सुद्धा पत्र्याच्या खोल्यांचा. स्लॅबखाली ते कधी झोपले नाहीत. सगळे हसायचे. मास्तरांकडं पैसा असून पत्र्यात राहतात म्हणायचे. हसा बापहो, आम्हाला काय करायचं होतं.

मेडिकल हुकल्यावर मी नांदेडला कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग केलं. आत्याकडंच राहिले. कॉलेजच्या लॅबमधली मशीनं व्हायरसनं सडलेली असायची. पोरं पेन ड्राइव्हमधून सिनेमे आणायची, त्याच्यासोबत सगळी घाणही यायची. मी लॅबच्या सरांच्या मागं लागून साफसफाई अंगावर घेतली. तिथं मला पहिल्यांदा कळलं की ही दोन वेगळी कामं आहेत आणि एकमेकांच्या छातीवर बसलेली आहेत. मशीन साफ करायचं तर दिवसभर बंद ठेवावं लागायचं, मग पोरांचं प्रॅक्टिकल बुडायचं आणि सर ओरडायचे. मशीन चालू ठेवायचं तर घाणीसकट चालवावं लागायचं. वर्गातल्या बाकीच्यांनी एक एक बाजू धरली. कुणी चालवणारे झाले, कुणी राखणारे, आणि सगळे पुण्याला गेले. मला वाटलं, दोन्ही एकीनंच केलं तर? जिला मशीन चालू ठेवायचंय तिलाच जर चोराची भीती कळत असेल, तर भांडण एका डोक्यातच मिटेल की. लई मोठी अक्कल सापडली असं वाटलं मला तेव्हा. त्याच अकलेवर आयुष्य काढायचं असं ठरवून बसले.

पुण्याला मी गेले नाही. अण्णा एकटे होते आणि पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर ते एक दिवस राहिले नसते. लातुरातच काम शोधलं. एका मोठ्या क्लासच्या मालकांना अण्णांनी, नोकरीच्या सुरुवातीला जळकोटकडं असताना, चौथीत शिकवलं होतं. मूळचे तिकडचेच, शेतकऱ्याच्या घरातले. दोन खोल्यांत क्लास सुरू करून आता लातुरात तीन इमारती आणि नांदेडला एक शाखा, एवढा पसारा त्यांनी उभा केला होता. सगळे त्यांना मोठे सर म्हणायचे. अण्णा दिसले की मोठे सर एवढ्या मोठ्या पोरांच्या घोळक्यात वाकून पाया पडायचे. त्या एका ओळखीवर मला घेतलं. अण्णांना याचा एवढा अभिमान होता की आठवड्यातून एकदा तरी काहीतरी निमित्त काढून ते माझ्या ऑफिसात यायचेच, आणि पाया पडून घेऊन जायचे.

कामाला लागले तेव्हा तिथं काय होतं? एक सर्व्हर, तो सुद्धा झेरॉक्सच्या खोलीत, कागदाच्या गठ्ठ्यांमध्ये दडपलेला. आणि सगळ्या मास्तरांना मिळून एकच पासवर्ड, मोठ्या सरांच्या वडिलांचं नाव. तो स्टाफरूमच्या फळ्यावर खडूनं लिहिलेला असायचा, म्हणजे नवीन मास्तर आला की विचारायला नको. मी आल्या आल्या तो बदलला आणि ज्याला त्याला आपापला दिला. दुसऱ्या दिवशी केमिस्ट्रीचे सर आपला विसरले. परीक्षेचा पेपर छापायचा राहिला, पोरं तासभर मैदानात उन्हात बसली. मोठ्या सरांनी मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, ते तसे चढवत नाहीत. म्हणाले, बाई, चोर यायचा तेव्हा येईल, पण आज तर माझा क्लास तुम्हीच बंद पाडलात. माझं तोंड एवढंसं झालं. वडिलांचं नाव पुन्हा फळ्यावर चढलं.

पण त्यांचं बोलणं खोटं नव्हतं, तेवढं मी मनात ठेवलं. मग हळूहळू, माणसांना न दुखवता, एक एक गोष्ट लावत गेले. सर्व्हरला वेगळी खोली मिळवली. रात्री काही बिघडलं तर माझ्या फोनवर निरोप यायची सोय केली. निकालाच्या दिवशी हजारो पोरं एकदम फोनवर निकाल बघायला यायची आणि सगळं कोलमडायचं, ते थांबवलं. ऑनलाइन शिकायला जे फुकट मिळेल ते शिकले, जे फुकट नव्हतं त्याच्यासाठी पगारातून काढले. परीक्षा देऊन दोन सर्टिफिकिटं मिळवली, एक चालवण्याचं आणि एक राखण्याचं. अण्णांनी दोन्हीच्या प्रती काढून आत्याकडं धाडल्या. फळ्यावरचा पासवर्ड मात्र शेवटपर्यंत पुसला गेला नाही. तिथं मी हात टेकले. म्हटलं, दार उघडंच राहणार असेल तर निदान घर पडल्यावर उभं करायची तरी सोय ठेवू.

ती सोय म्हणजे ती डिस्क. काळी, पुस्तकाएवढी. क्लासचं सगळं तिच्यावर होतं. इतक्या वर्षांचे प्रश्नसंच, मास्तरांनी रक्त आटवून लिहिलेली उत्तरं, शिकवलेल्याची चित्रणं, हरेक पोराचे पहिल्या चाचणीपासूनचे मार्क. दर शनिवारी मी ती सर्व्हरला जोडायची, सगळं उतरवून घ्यायची आणि वायर काढून लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावायची. वायर काढलेली असणं हेच तिचं सगळं मोल. चोर मशीनमध्ये शिरला तरी कपाटात कसा शिरेल? अण्णांनाही मी हे असंच सांगितलं होतं. ते खूश झाले. म्हणाले, बरोबर आहे, पण कपाट त्याच घरात आहे की. दुसऱ्या गावाला कुठं आहे?

नव्हती. तेच तर माझं भांडण चाललं होतं. मोठ्या सरांना पेपर फुटायची धास्ती. एकाच्या दोन प्रती झाल्या की दोन ठिकाणांहून फुटणार, असा त्यांचा हिशोब. दुसऱ्याच्या सर्व्हरवर भाड्यानं ठेवू म्हटलं तर म्हणाले, आपली पोरगी कुणाच्या घरी झोपायला पाठवता का तुम्ही? तरी मी चिकाटी सोडली नाही. वर्षानुवर्षं मागं लागून शेवटी एकदाचे ते तयार झाले. नांदेडच्या शाखेत दुसरी प्रत ठेवायची. एवढंच नाही, दसऱ्यानंतर चालवणं आणि राखणं या दोन्ही कामांचं मिळून एक वेगळं खातं करायचं, हाताखाली माणसं द्यायची आणि ते खातं माझ्याकडं द्यायचं, असं त्यांनी सगळ्या मास्तरांसमोर जाहीर केलं. मी त्या दिवशी घरी येऊन अण्णांना पेढा दिला. लातुरात बसून, अण्णांना न सोडता, मला हवं ते काम. याच्याहून जास्त मी कधी काही मागितलंच नव्हतं.

नांदेडचं मशीन बसवायला क्लास बंद पाहिजे होता. म्हणून सुट्टीच बघितली, खंडेनवमी आणि दसरा. आता खंडेनवमीला आमच्याकडं काय असतं हे इकडच्यांना सांगायला नको. शेतकरी नांगर, विळे, कुऱ्हाडी धुऊन मांडतो, मोठ्या सरांच्या क्लासात कॉम्प्युटर मांडतात. प्रोजेक्टर, उत्तरपत्रिका तपासायचं मशीन, अंगठा घ्यायची मशीनं, क्लासच्या बसच्या किल्ल्या. झेंडूच्या माळा, ऊस, नारळ. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याचं सोनं लुटेपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही, जागची हलवायची नाही. माझी डिस्क दर वर्षी कपाटातच असायची. मी दार किलकिलं करून तिला तिथंच हळदकुंकू लावायची आणि कुलूप घालायची. देवाचंही झालं आणि माझंही.

त्या वर्षी निकाल जरा खाली आले होते. मोठ्या सरांच्या मनानं घेतलं की एकही वस्तू पूजेवाचून राहिली नाही पाहिजे. मी नांदेडला असणार, तर मान मास्तरांना देऊ, म्हणजे अण्णांना. पूजा त्यांच्या हातून. अण्णांनी आदल्या दिवशी धोतर इस्त्रीला दिलं. मी कपाटाची किल्ली त्यांच्या हातात दिली आणि सांगितलं, डिस्क काढा, कुंकू लावा, परत कपाटात ठेवा. त्यांनी मान हलवली. मी सकाळच्या एस.टी.नं नांदेडला निघाले.

दोन दिवस त्या मशीनशी झटत होते. प्रत मात्र लातूरला परतल्यावर डिस्कवरूनच पाठवायची होती. खंडेनवमीला संध्याकाळी अण्णांचा फोन आला. पूजा कशी झाली, किती माणसं होती, मोठे सर सगळ्यांदेखत कसे पाया पडले, त्यांच्या आईनं अण्णांना कशी शाल दिली, हे सगळं त्यांनी इतक्या कौतुकानं सांगितलं की मध्येच तोडून डिस्कचं विचारायला माझी जीभ उचलली नाही. इतका खूश आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. दसऱ्याला आत्याच्या घरी जेवले, सोनं वाटलं. दुसऱ्या दिवशी लातुरात परत आले तर ऑफिसच्या दारातच शिपाई मामा उभे. म्हणाले, ताई, कोणतंच मशीन बोलंना झालंय.

आत गेले. प्रत्येक पडद्यावर एकच मजकूर, इंग्रजीत. तुमचं सगळं आम्ही कुलपात घातलंय, पैसे द्या. फिजिक्सच्या सरांनी सुट्टीआधी कुठूनतरी आलेली सराव पेपरची फाइल उघडली होती. तिच्यातून शिरलेला चोर फळ्यावरचा पासवर्ड घेऊन सगळीकडं हिंडला होता आणि सुट्टी लागायची वाट बघत बसला होता. मला धोक्याचा निरोप पाठवणारं मशीन त्यानं सगळ्यात आधी मारलं होतं. हे सगळं नंतर शोधलं. त्या क्षणी मनात एक आधार होता. म्हटलं, डिस्क आहे. दोन दिवस लागतील, पण उभं करीन. यासाठीच तर केलं होतं सगळं.

सर्व्हरच्या खोलीत गेले. पाटावर डिस्क होती. कुंकू, अक्षता, झेंडूचं एक फूल. आणि तिच्यातून निघालेली वायर सर्व्हरला लावलेली होती. छोटा निळा दिवा लुकलुकत होता.

मी डिस्क उघडून बघितली. तिच्यावरचंही सगळं कुलपात गेलेलं होतं, एकूण एक.

त्या खोलीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण वेगळ्या पेटीत साठायचं, ती तेवढी वाचली होती, आणि ते फक्त मलाच बघता यायचं. मी दार लावून बघितलं. अण्णा इस्त्रीच्या धोतरात, कपाटातून डिस्क काढतात, पदरानं बाळाचं तोंड पुसावं तसं उपरण्यानं पुसतात. पाटावर ठेवतात. ताट हातात घेतात आणि थांबतात. आजूबाजूच्या सगळ्या मशीनांचे दिवे लागलेले, हिचाच दिवा नाही. ते मामांना काहीतरी विचारतात. मामा कपाटातली वायर दाखवतात. अण्णा चष्मा वर करून, भोक शोधून, हळूच वायर लावतात. दिवा लागतो. मग ते ओवाळतात. हात जोडून डोळे मिटून बराच वेळ उभे राहतात. कपाटात परत ठेवायला त्यांचा हात पुढं जातो, आणि कपाळाला लावून मागं येतो. पूजलेली वस्तू हलवायची कशी? आवाज त्या चित्रणात येत नाही, पण वायर लावताना ते काय पुटपुटले असतील हे मला ठाऊक आहे. घरातलं बंद घड्याळसुद्धा त्यांना चालत नाही. बंद यंत्राला काय ओवाळायचं, हे त्यांचं नेहमीचं. त्यांनी माझ्यासाठीच मागितलं असणार काहीतरी, त्या नव्या खात्यासाठी. मला रडू आलं आणि रागही आला. त्यांचा आला, देवाचा आला, मोठ्या सरांचा आला, त्या फोनवर गप्प बसलेल्या माझा स्वतःचा आला. कुणाचा राग करून काय उपयोग होता?

मोठ्या सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पैसे ते देणार नव्हते आणि देऊन परत मिळायची खात्रीही नव्हती. पोरांचे मार्क गेले, सगळ्या बॅचा नव्यानं पाडाव्या लागणार होत्या. त्यांची आयुष्याची कमाई गेली होती, माणूस दोन दिवसांत म्हातारा दिसायला लागला. त्यांनी मला एकच विचारलं, "कपाटातल्या डिस्कला वायर कुणी लावली?"

मी अण्णांचं नाव घेतलं असतं तर कदाचित वाचले असते. पूजा करा हा त्यांचाच हुकूम होता. पण मग ते पाया पडणं संपलं असतं. आणि अण्णांना कळलं असतं. ज्या माणसानं आयुष्यभर एक बाहेर ठेव, एक बाहेर ठेव म्हणून घोकलं, त्यानंच बाहेरची आत नेऊन लावली, हे त्या माणसाला कसं सांगायचं? तो उभाच राहिला नसता.

"माझ्या ताब्यातली वस्तू होती, सर," मी म्हटलं. "माझ्याकडून राहिली."

मामांना त्या वायरीचा अर्थ कळला नव्हता आणि त्यांना कुणी विचारलंही नाही. ते चित्रण थोड्या दिवसांनी नवं जुन्यावर चढून आपोआप पुसलं गेलं. मी ते पुसलं नाही आणि वाचवलंही नाही.

पुण्याहून एक कंपनी आली. त्यांनी दोन माणसं बसवली, एक मशीन चालवायला आणि एक राखायला. दोघांच्या खोल्या वेगळ्या, साहेब वेगळे, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही असं मामा सांगायचे. एक बंद करतो, दुसरा उघडतो, दिवसभर फोनवर तंटे. फळा तेवढा पुसला गेला. मला प्रवेशाच्या टेबलावर बसवलं. अंगठे उमटत नाहीत अशा पोरांची हजेरी हातानं लिहायची. मोठे सर कधी वाईट बोलले नाहीत, फक्त माझ्या टेबलासमोरून जाताना फोन कानाला लावायचे. अण्णांनाही पूर्वीसारखं कुणी बोलावलं नाही. ते म्हणायचे, सर कामात असतील. वर्ष संपायच्या आत मीच सोडलं.

मग शोधलं दुसरीकडं. मुलाखती घेणाऱ्यांचा पहिलाच प्रश्न ठरलेला. तुम्ही सुरक्षेतल्या की चालवण्यातल्या? मी म्हणायची, दोन्हीतली. सुरक्षेवाले म्हणायचे, तुमचा अनुभव तर सगळा मशीन चालवण्याचा दिसतो. चालवण्यातले म्हणायचे, तुम्हाला सुरक्षेची आवड आहे, तिकडं बघा. शेवटी विचारायचे, आधीच्या ठिकाणी असं काय झालं की सगळाच डेटा गेला? तिथं मी अडायची. खरं सांगता येत नव्हतं आणि खोटं रचून सांगायचा कंटाळा यायचा. त्यातही लातूर सोडणार नाही म्हटलं की फोन लवकर संपायचा. आता घरी गल्लीतल्या पोरांचे फॉर्म भरून देते, कुणाचा वायफाय बसवून देते. काकू कौतुकानं म्हणतात, बरं झालं, घरच्या घरी हाय.

पुढची खंडेनवमी आली. अण्णांनी विळी, अडकित्ता, आपली सायकल, शिवणयंत्र, सगळं धुऊन अंगणात पाटावर मांडलं. मग आत येऊन माझा लॅपटॉप घेऊन गेले. त्याच्यावर माझं काहीच काम उरलेलं नव्हतं, धूळ बसली होती. ती त्यांनी उपरण्यानं पुसली. ताट घेतलं आणि माझ्याकडं बघितलं.

"चालू कर, माय. बंद यंत्राला काय ओवाळायचं?"

मी चालू केला. त्यांनी कुंकू लावलं, फूल वाहिलं, ओवाळलं. कापूर जळत होता आणि ते त्याच्याकडंच बघत होते. इतके दिवस मनात ठेवलेलं त्यांच्या तोंडून आलं. आवाजात राग नव्हता, नुसतं दुखणं होतं.

"एक तरी बाहेर ठेवायची होतीस. इतकं सांगून बी तुझ्या ध्यानात कसं राहिलं न्हाई?"

"चुकलं, अण्णा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग नारळ फोडायला दगड कुठं ठेवलाय म्हणून विचारलं, आणि मी तो आणायला उठले.